देहातील पाणी आणि मीठ

इसवी सन 1817 च्या नोव्हेंबर महिन्यात, पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करण्याच्या आणि त्याबरोबरच मराठी सत्तेस शह देण्याच्या इराद्याने बुंदेलखंडात तळ देऊन राहिलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या फौजेत पटकीची साथ शिरली, आणि लढाईस तोंड लागण्यापूर्वीच त्या छावणीतील शिपाई, भिस्ती, भोई आणि बाजारबुणगे हजारोंनी मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, ही साथ दख्खनेत उतरून मुंबईपर्यंत येऊन पोहोचली. आणि त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ, यात्राजत्रांच्या मार्गाने, पंढरीच्या वाळवंटापासून आडबाजूच्या खेड्यांच्या वेशीपर्यंत, तिचे येणेजाणे सुरू राहिले. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन पोचविण्याचा जो प्रघात आपल्या खेड्यांत रूढ होता, त्याच्या मुळाशी हीच धास्ती होती. सकाळी औत धरलेला धडधाकट माणूस दिवस मावळण्यापूर्वी ओळखू येणार नाही इतका सुकून जावा, त्याचे डोळे खोबणीत खोल जावेत, बोटांची कातडी सुरकुतावी, आवाज घशातल्या घशात विरावा, हातापायांत गोळे येऊन तो तळमळावा, आणि इतके होऊनही शुद्ध बहुधा शाबूत राहिल्यामुळे त्याने अखेरच्या घटकेपर्यंत पाणी मागत राहावे, असे हे मरण होते. आणि ज्यांनी ते एकदा पाहिले त्यांना ते जन्मात विसरता आले नाही.

त्या काळी कंपनी सरकारच्या चाकरीत असलेल्या युरोपीय डॉक्टरांनी यावर जे इलाज केले, ते आज वाचताना मन विषण्ण होते. रोग्याची फस्त खोलून रक्त काढावे, पाऱ्याची औषधे व अफू पोटात द्यावी आणि पुष्कळदा पिण्याचे पाणी तोडावे, असा तो शिरस्ता होता; म्हणजे ज्या देहातून पाणी अगोदरच ओसरून गेले होते, त्यातले उरलेसुरले रक्तही हे वैद्य आपल्या हाताने काढून घेत होते. त्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. तथापि रोगी नेमका कशाने मरतो हे ठाऊक नसताना केवळ सद्हेतूने केलेले उपचारही मृत्यूचे साह्यकर्ते कसे ठरतात, याचा इतका करुण दाखला वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. आणि हे सगळे जुन्या काळात जमा झाले असेही नाही. मुलास जुलाब लागले की त्याचे पाणी, दूध आणि पेज बंद करावी, ही समजूत आजही पुष्कळ शिकल्यासवरल्या घरांत तग धरून आहे.

पटकीची ही हकीकत आरंभी सांगितली ती एवढ्यासाठी, की देहातील पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार यांचा समतोल ढळला असता मनुष्य कोणत्या क्रमाने व कोणत्या कारणाने मरतो, हे पटकीत जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कोणत्याही व्याधीत दिसत नाही. इतर व्याधींत ताप असतो, दाह असतो, एखादे इंद्रिय सडलेले असते, आणि पाण्याची तूट त्या गर्दीत लपून जाते. पटकीचा जंतू मात्र आतड्याच्या पोकळीतच राहतो. तो रक्तात शिरत नाही. त्याचे विष आतड्याच्या अस्तरातील पेशींना आपल्यातील क्षार व पाणी बाहेर सोडीत राहण्यास भाग पाडते, आणि तांदळाच्या धुवणासारखे दिसणारे ते पाणी तीव्र दुखण्यात तासाला एक लिटरपर्यंत वाहून जाते. रोग्यास मारते ते एवढेच.

येथे थोडा हिशेब केल्यावाचून विषय नीट ध्यानात यावयाचा नाही. प्रौढ पुरुषाच्या वजनापैकी सुमारे 60 टक्के पाणीच असते. तान्ह्या मुलात हे प्रमाण सुमारे 75 टक्के, आणि वृद्धांत 50 टक्क्यांच्या आसपास. साठ किलो वजनाच्या माणसाच्या देहात, या हिशेबाने, सुमारे 36 लिटर पाणी होते. त्यापैकी दोनतृतीयांश, म्हणजे 24 लिटर, पेशींच्या आत असते आणि 12 लिटर पेशींच्या बाहेर. आणि या बारांपैकी रक्तातील पातळ द्रवाच्या वाट्यास जेमतेम तीन लिटर येतात. पेशींच्या आतील पाण्यात पोटॅशियम हा प्रमुख क्षार, बाहेरील पाण्यात सोडियम. आणि या दोहोंमधील ही वाटणी कायम राखण्यासाठी प्रत्येक पेशी आपल्या शक्तीचा मोठा हिस्सा अहोरात्र खर्च करीत असते. आता, उन्हात वाट चुकलेल्या आणि पाणी न मिळालेल्या माणसाच्या देहातून मुख्यतः निव्वळ पाणी जाते, आणि ती तूट छत्तीसच्या छत्तीस लिटरांवर वाटली जाते. पेशी आपल्या आतले पाणी बाहेर देऊन रक्ताची भरपाई काही काळ करू शकतात. पटकीच्या रोग्याचे तसे होत नाही. त्याच्या जुलाबातून पाण्याबरोबर सोडियमही रक्तातल्याइतक्याच प्रमाणात जात असल्यामुळे पेशींतील पाण्यास बाहेर येण्याचे कारणच उरत नाही, आणि साराच बोजा त्या बारा लिटरांवर पडतो. वजनाच्या दहा टक्के तूट झाली, म्हणजे सहा लिटर गेले, की बाहेरील साठ्याचा निम्मा भाग संपलेला असतो. तासाला एक लिटर या गतीने त्यास सहा तास पुरेत. सकाळचा धडधाकट माणूस सायंकाळपर्यंत का टिकत नसे, याचे उत्तर इतक्या साध्या वजाबाकीत आहे.

रक्ताचे आकारमान घटले म्हणजे हृदय अधिक जलद पण अधिक पोकळ ठोके देऊ लागते, नाडी सुतासारखी बारीक होऊन मनगटाशी सापडेनाशी होते, मूत्रपिंडास रक्त पुरेनासे होऊन लघवी थांबते. जुलाबावाटे बायकार्बोनेट गेल्यामुळे रक्त आम्लधर्मी बनते आणि रोगी खोल व घाईघाईने श्वास घेऊ लागतो. पोटॅशियम गेल्यामुळे स्नायू गळून जातात, पोट फुगते, आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका उभा राहतो. पोटाच्या कातडीस चिमटा घेऊन सोडला असता ती घडी दोन सेकंदांहून अधिक काळ तशीच उभी राहिली, डोळे खोल गेले, मूल निपचित पडले व पाणी पिण्याचेही त्राण त्यास उरले नाही, तर तूट तीव्र झाली असे समजावे, असा आरोग्यसेविकांना शिकविला जाणारा ठोकताळा आहे. आणि त्या घटकेस शिरेवाटे द्राव देण्यावाचून गत्यंतर नसते. त्या अवस्थेची वाट पाहू नये, एवढ्यासाठीच हा ग्रंथ लिहिला गेला आहे.

तूट भरून काढावयाची तर पाणी पाजावे, इतके कोणाच्याही मनात सहज येते. परंतु या विषयातील सर्वांत मोठी फसगत येथेच आहे. मीठ व पाणी दोन्ही गेलेल्या माणसास नुसते पाणी भरपूर पाजले, तर रक्तातील सोडियम विरळ होते, पाणी पेशींत शिरू लागते, आणि कवटीच्या बंदिस्त पोकळीतील मेंदूस सूज येऊन ग्लानी, झटके व क्वचित मृत्यूही ओढवतो. याचा दाखला आजारी माणसांतच शोधावा लागतो असेही नाही. अमेरिकेत 2002 साली बोस्टन येथे झालेल्या मॅरेथॉन शर्यतीतील 488 धावपटूंचे रक्त शर्यतीच्या अखेरीस तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी 13 टक्के धावपटूंचे सोडियम योग्य मर्यादेच्या खाली गेलेले आढळले, आणि शर्यतीत ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, म्हणजे जे गरजेपेक्षा अधिक प्यायले होते, त्यांना हा धोका विशेष होता. उलट बाजूस, आईने मायेपोटी मिठाचे माप वाढविले किंवा एक लिटर पाण्यासाठी असलेली पुडी एकाच पेल्यात कालविली, तर रक्तातील सोडियम चढते, पेशी आक्रसतात, आणि मूल अधिकच तहानेले व चिडचिडे होऊन त्यासही झटके येऊ शकतात. बाजारी गोड पेयांचा धोका निराळा: त्यांतील अतिरिक्त साखर आतड्यात राहून देहातलेच पाणी आतड्याकडे ओढते आणि जुलाब वाढतात. इतकेच काय, दीर्घकाळ ढळलेले सोडियम घाईघाईने पूर्ववत् करू गेल्यास मेंदूतील तंतूंस कायमची इजा होऊ शकते. तूट भरावयाची ती कोणत्या द्रवाने, कोणत्या प्रमाणात आणि कोणत्या गतीने, या तीन प्रश्नांवर रोग्याचा जीव अवलंबून असतो. आणि या तिहींची उत्तरे मिळण्यास वैद्यकाला सुमारे एकशेचाळीस वर्षे लागली, ही गोष्ट मला या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी वाटते.

वस्तुतः पहिले उत्तर फार लवकर मिळाले होते. 1831 साली इंग्लंडच्या ईशान्येस पटकी पोहोचली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या आयरिश वैद्याने रोग्यांचे रक्त तपासून असे दाखवून दिले की त्यातील पाणी आणि क्षार घटलेले आहेत, आणि जे गेले ते परत द्यावे हाच याचा न्याय्य उपचार होय. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडातील लीथ गावी टॉमस लॅटा याने क्षारयुक्त पाणी थेट रोग्यांच्या शिरांत सोडले. त्याची पहिली रोगी एक मरणोन्मुख वृद्धा होती. द्राव जाऊ लागताच तिची नाडी परतली, चेहऱ्यावर तेज आले, आणि ती सावरली असे समजून लॅटा तेथून निघाला. परंतु जुलाब चालूच राहिले, द्राव पुन्हा दिला गेला नाही, आणि काही तासांत ती वारली. गेलेले एकदा भरून दिले तरी गळती चालू असेपर्यंत भरणेही चालू ठेवले पाहिजे, हा धडा त्या घटनेत होता. तो कोणी घेतला नाही. लॅटा पुढच्याच वर्षी निवर्तला आणि त्याची पद्धत बहुतेकांनी टाकून दिली. ओशॉनेसी कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला, आणि भारतातील तारायंत्राचा पाया घालणारा म्हणून त्याचे नाव दप्तरी नोंदले गेले. पटकीच्या माहेरघरी, बंगाल्यात, इतकी वर्षे राहूनही त्याच्या हातून त्या पहिल्या शोधाचा पाठपुरावा झाला नाही, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेवाटे तीव्र क्षारद्राव देण्याची पद्धत पुन्हा उचलून धरली आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आणले. तथापि शिरेवाटे द्राव द्यावयाचा तर निर्जंतुक बाटल्या हव्या, सुया हव्या, शिकलेले हात हवे. आणि पटकी तर जेथे यांपैकी काहीही नसते तेथेच थैमान घालते. तोंडावाटे का देऊ नये? या साध्या प्रश्नाआड एक चुकीची समजूत पहाडासारखी उभी होती. पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते, म्हणून तोंडावाटे दिलेले काहीही शोषले जाणार नाही, असे एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी ठरवून टाकले होते, आणि 1960 साली रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासून ते अस्तर जागच्या जागी शाबूत असल्याचे दाखविले जाईपर्यंत तो ठराव कायम राहिला. त्यापूर्वी 1953 साली हेमेंद्रनाथ चटर्जी या बंगाली डॉक्टरांनी मीठ आणि ग्लुकोज यांचा द्राव तोंडावाटे देऊन पटकीचे रोगी बरे केल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही केले होते. पण त्यामागची शास्त्रीय उपपत्ती ठाऊक नसल्यामुळे त्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. 1959 साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यावरील प्रयोगांनी पटकीचे विष सिद्ध केले. आणि 1960 च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी ती उपपत्ती मांडली, जिच्यावाचून चटर्जींचे काम अडले होते: आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरते ते सोडियमला सोबत घेऊन, आणि या दोघांच्या मागोमाग पाणी जाते. पटकीचे विष पाणी बाहेर टाकण्याची वाट उघडते खरे, पण ही आत येण्याची वाट त्यास बंद करता येत नाही. मीठ एकटे गेले तर आत येत नाही, साखर एकटी गेली तर मीठ आणीत नाही. दोन्ही योग्य प्रमाणात गेली तर मरणोन्मुख देहही पाणी पिऊन घेतो. 1968 साली ढाक्याच्या पटकी संशोधनशाळेत डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी, रोग्याचे जितके जाते तितके मोजून तितकाच हा द्राव पाजावा अशी पद्धत बसवून, शिरेवाटे द्यावयाच्या द्रावाची गरज कितीतरी घटविली.

आणि मग 1971 साल आले. पूर्व बंगालमधील अत्याचारांमुळे लक्षावधी निर्वासितांचे लोंढे सरहद्द ओलांडून पश्चिम बंगालमध्ये येऊ लागले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बनगाव येथील छावण्यांत पटकी उसळली. त्या लहानशा इस्पितळात रवानगी झालेले कलकत्त्याचे बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस यांनी पाहिले ते असे, की दोन खोल्यांची जमीन रोग्यांनी भरून गेलेली आहे, त्यांना शिरेवाटे द्राव द्यावयाचा तर विष्ठा आणि वांती यांच्या थारोळ्यात गुडघे टेकून द्यावा लागतो आहे, आणि द्रावाचा साठा तर संपत चालला आहे. तेव्हा त्यांनी जो निर्णय घेतला त्यास वरिष्ठांच्या नियमांत आधार नव्हता. 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम खाण्याचे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, हे एका लिटरचे माप त्यांनी मुक्रर केले. सर्वांत थोड्या व सहज मिळणाऱ्या जिनसांत भागावे म्हणून पोटॅशियम त्यांनी वगळले. कलकत्त्यात मापून पॉलिथिनच्या पिशव्यांत भरलेली, इस्त्रीच्या उष्णतेने तोंड बंद केलेली ही भुकटी बनगावास येई, नळ बसविलेल्या पिंपांतील पाण्यात कालविली जाई, आणि रोग्याची आई, भाऊ, बायको, जो कोणी जवळचा असेल तो, पेला भरभरून नेऊन त्यास पाजीत बसे. लिटरमागे खर्च अकरा पैसे. सुमारे 3,700 रोग्यांवर या रीतीने उपचार झाले, आणि जेथे पूर्वी शेकडा 20 ते 30 रोगी दगावत होते, तेथे हे प्रमाण 3.6 वर आले. शास्त्राच्या कसोटीने पाहू जाता ही काही नियंत्रित चाचणी नव्हती, आणि त्यामुळे या कामावरील त्यांचा निबंध छापला जाण्यास 1973 साल उजाडावे लागले. मरणाच्या दारात उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांस औषध देऊन निम्म्यांस न देण्याची चाचणी करण्याचे ते स्थळही नव्हते आणि ती वेळही नव्हती.

मला महालनबीसांच्या कामगिरीत सर्वाधिक मोलाचे वाटते ते त्या भुकटीचे माप नव्हे. ते माप थोड्याफार फरकाने अगोदरच ठाऊक होते. औषध देण्याचा अधिकार त्यांनी डॉक्टरच्या हातून काढून, अक्षरशत्रू, भयभीत, चिखलात बसलेल्या आप्तांच्या हाती दिला, आणि ते आप्त त्या विश्वासास पात्र ठरले, ही ती गोष्ट होय. डॉक्टरांच्या जगास हे पचनी पडण्यास वेळ लागला. 1978 साली ‘लॅन्सेट’ ने आपल्या संपादकीयात, ग्लुकोज व सोडियम आतड्यात जोडीने शोषले जातात या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत होण्याजोगी असल्याचे म्हटले. महालनबीस 2022 साली वारले, आणि भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले ते त्यांच्या मृत्यूनंतर, 2023 साली.

हाच विश्वास पुढे बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने इतक्या मोठ्या प्रमाणावर टाकला की त्यास तोड नाही. 1980 पासूनच्या दशकात तिच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत, एकेका घरी जाऊन, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचा द्राव बनविण्यास आयांना शिकवून आल्या. कार्यकर्तीचा मेहनताना, तिने किती घरे पालथी घातली यावर न ठरवता, तिच्यामागून जाणाऱ्या तपासनिसाला त्या घरच्या आईने किती बिनचूक उत्तरे दिली यावर ठरविला जाई. असा शिरस्ता आपल्याकडील किती खात्यांत आहे, हा प्रश्न वाचकांनी स्वतःस विचारून पाहावा.

आपल्याकडे या द्रावास ‘जलसंजीवनी’ हे नाव रूढ आहे. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ, हे माप चालते. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 साली पुडीतील मीठ व ग्लुकोज दोन्हींचे प्रमाण कमी केले, कारण मुलांच्या साध्या जुलाबांत विरळ द्राव अधिक मानवतो असे दिसून आले होते; हल्लीची पुडी त्या मापाची असते. त्याजबरोबर जस्ताची गोळी दहा ते चौदा दिवस द्यावी, अंगावरचे दूध तोडू नये, आणि मिठाची पेज, वरणाचे पाणी, ताक यांस मज्जाव करू नये. आपल्या आजीबाईंची मीठ घातलेली भाताची पेज शास्त्राच्या कसोटीस चांगली उतरते, कारण भातातील पिठाचे आतड्यात ग्लुकोजच होते. कुपोषित मुले, उन्हाळ्यात लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणारे वृद्ध, आणि मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रोगी यांची मापे निराळी आहेत. त्यांच्याविषयी येथे घाईने काही सांगण्यापेक्षा त्यांच्यासाठी राखून ठेवलेली प्रकरणे वाचावीत हे बरे.

राहता राहिली ती एक अडचण, जिच्यामुळे इतका स्वस्त उपाय घरात असूनही पालक मुलाला उचलून ‘सलाईन लावा’ म्हणत दवाखाना गाठतात. जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत. पहिल्या काही तासांत तर मूल पिते आहे आणि जाते आहे, असेच आईच्या नजरेस पडते, आणि औषध लागू पडत नाही असे वाटून ती पेला बाजूला ठेवते. वस्तुतः त्याच वेळी मुलाचे डोळे हळूहळू वर येत असतात, जीभ ओलसर होत असते, लघवी पुन्हा सुरू होत असते. परंतु कोणत्या खुणा पाहावयाच्या हे तिला कोणी सांगितलेले नसते. म्हणून या पुस्तकात द्रावाची कृती दुसऱ्या प्रकरणात दिली असून, तो प्यायल्यानंतर पहिल्या चार तासांत काय घडेल आणि काय घडणार नाही, हे पहिल्या प्रकरणात सांगितले आहे.